कमानीबाहेरचे आकाश

बुऱ्हाणपूरच्या शनवारा दरवाजात उभ्या असलेल्या मनुष्यास कमानीतून समोरचा रस्ता नीट दिसतो. परंतु भिंतीपलीकडे, डाव्याउजव्या बाजूस काय घडत आहे, हे त्यास कळत नाही. दुर्बिणीचेही असेच आहे. जिकडे रोखावी तेवढाच आकाशाचा तुकडा तिला दिसतो. नेहमीच्या ताऱ्यांसाठी तेवढे पुरते. पण विश्वात काही स्फोट असे होतात की, ते काही क्षणांत वा मिनिटांत विझतात. त्यांचे क्ष-किरण व गॅमा-किरण पृथ्वीचे वातावरण अडविते. म्हणून त्यांचा माग अवकाशातूनच काढावा लागतो.

भारताने २८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोटा येथून ‘ॲस्ट्रोसॅट’ हा उपग्रह सोडला. त्यावरील क्ष-किरण कॅमेरा मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या पुढाकाराने सिद्ध झाला. पुण्याच्या ‘आयुका’ संस्थेचाही त्यात वाटा आहे. या कॅमेऱ्यास भिंग नाही. वर विशिष्ट नक्षीने भोके पाडलेला टँटलम धातूचा पत्रा आणि खाली किरण टिपणारे स्फटिक, अशी त्याची रचना. पत्र्याची सावली कशी पडते, त्यावरून किरणांची दिशा गणिताने ठरते. बाजूच्या भिंती आडवे येणारे किरण थोपवितात. परंतु १०० किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्टहून प्रखर किरणांपुढे त्या जवळजवळ पारदर्शक होतात. दरवाजाची भिंत जणू काचेची बनते आणि कॅमेऱ्यास आकाशाचा फार मोठा भाग खुला होतो.

याची प्रचीती पहिल्याच दिवशी आली. ६ ऑक्टोबर २०१५ रोजी कॅमेरा चालू झाला आणि त्याच्या रोखापासून सुमारे ६० अंश दूर झालेला एक स्फोट त्याच्या नोंदींत सापडला.

पुढे ४ जानेवारी २०१७ रोजी अमेरिकेतील ‘लायगो’ वेधशाळांनी दोन कृष्णविवरांच्या मीलनाची गुरुत्वलहर टिपली. जिकडून ती आली असावी, त्याच भागात हवाईतील दुर्बिणीस एक मंदावत जाणारा प्रकाशबिंदू आढळला. कृष्णविवरांच्या मीलनातून प्रकाश निघाल्याचे सिद्ध झाले असते, तर तो मोठाच शोध ठरता. परंतु भारतीय कॅमेऱ्याच्या नोंदींत लहरीच्या वेळी काहीच नव्हते. स्फोट होता तो दुसऱ्या दिवशीचा, ५ जानेवारीचा. प्रकाशबिंदू त्या स्फोटाचा अवशेष होता. लहरीशी त्याचा संबंध नव्हता.

विस्तृत दृष्टीचा उपयोग असा दुहेरी आहे. नवे काय घडले ते ती सांगते. आणि काय घडले नाही, हेही तितक्याच खात्रीने सांगते.