देवकुंडला जायचंय? आधी पाणी ओळखूया

ग्रामसंघाच्या बैठकीत सहलीचा विषय निघाला की भिऱ्याच्या देवकुंडाचं नाव येतंच. भिरा धरणाजवळून जंगलातून दीड-दोन तास चालायचं, वाटेतले ओढे ओलांडायचे, मग कड्यावरून कुंडात कोसळणारं पाणी दिसतं. वर्षभर घर-शेत-गट सांभाळणाऱ्या बाईने एक दिवस तिथे जावंच, असं माझं मत. फक्त भर पावसात नको.

ही कुंडं होतात कशी? आपला सह्याद्री सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाच्या थरांनी बनलाय. काही थर घट्ट, काही बुडबुड्यांच्या भोकांमुळे कच्चे. कच्चा थर लवकर झिजतो, घट्ट थर पायरीसारखा उरतो. म्हणून आपल्याकडचे बरेच धबधबे टप्प्याटप्प्याने उतरतात. पायरीखाली पाणी आपटून खड्डा पडतो. त्यात अडकलेले गोटे भोवऱ्यात गरगर फिरतात आणि जात्यासारखा खडक घासत राहतात. त्यातून रांजणखळगे तयार होतात. पारनेर तालुक्यात निघोजला कुकडी नदीत असे खळगे पाहायला लांबून लोक येतात.

आपल्यासाठी यातली कामाची गोष्ट अशी, की काठावर गुडघाभर असलेलं पाणी पुढच्याच पावलाला डोक्यावर जाऊ शकतं. वरून बघून खोली कळत नाही. जिथे धार पडते तिथल्या फेसाळ पाण्यात हवा मिसळलेली असते, त्यामुळे पोहणाऱ्यालाही नीट तरंगता येत नाही. धारेखाली जाऊच नका.

दुसरं, आपल्या डोक्यावर ऊन असलं तरी घाटमाथ्यावर पाऊस चालू असू शकतो. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले, ते असंच पाणी अचानक वाढल्याने. पाणी गढूळ झालं, पालापाचोळा-काटक्या वाहत आल्या किंवा आवाज वाढला, की लगेच उंचावर निघा. पिशव्या, चपला राहू द्या तिथेच!

(कोलाडकडच्या ताईंनी कपडे धुतानाही हे लक्षात ठेवावं. भिऱ्याच्या वीजकेंद्रातून पाणी सोडलं की कुंडलिका कोरड्या दिवसांतही चढते.)

दिवाळीच्या आसपास जाणं बरं. तेव्हा धार कमी असते, पण वाट सुकलेली असते. साडीपेक्षा पंजाबी ड्रेस घाला, ओली साडी पायात अडकते. सोबत लांब दोरी आणि तेलाचा रिकामा पाच लिटरचा कॅन घ्या. झाकण घट्ट लावून दोरी बांधा. कोणी बुडत असेल तर स्वतः उडी न मारता कॅन फेका, तो धरून माणूस तरंगतो. दरीत रेंज मिळेलच असं नाही, म्हणून परतीची वेळ गावात कुणाला तरी सांगून जा. मदतीसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८.

पावसाळ्यात प्रशासन धबधब्यांवर बंदीचे आदेश काढतं. गाडी ठरवण्याआधी तहसील किंवा पोलीस ठाण्यात विचारा, ॲडव्हान्स त्यानंतरच द्या.