मूत्रपिंडे तक्रार करीत नाहीत

चाकणच्या एका कारखान्यात प्रेस चालवणारे एक गृहस्थ वाकडच्या माझ्या दवाखान्यात चार वर्षे येत होते. वय ४८, विकार रक्तदाबाचा. दर महिन्याला ते यायचे, मी दंडाला पट्टा बांधून रक्तदाब पाहायचो आणि गोळ्या लिहून द्यायचो. एके दिवशी ते म्हणाले, ‘‘डॉक्टरसाहेब, सकाळी उठल्यावर डोळ्यांभोवती सूज येतीया. संध्याकाळी पायावर चपलेच्या पट्ट्याचा वळ उठतोय.’’

लघवी तपासली. तिच्यात प्रथिने भरपूर होती. रक्तातील क्रिएटिनिन सहाच्या वर गेले होते. निरोगी माणसात ते साधारण सव्वाच्या आत असते. त्यांच्या मूत्रपिंडांचे काम जेमतेम एक दशांश उरले होते. हे सांगितल्यावर ते गोंधळून म्हणाले, ‘‘पण साहेब, लघवी तर व्यवस्थित होत होती की!’’

हा समज बहुतेकांचा असतो. म्हणून आज मूत्रपिंडांचे काम कसे चालते ते पाहू.

दिवसाला १८० लिटर

पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना, शेवटच्या बरगड्यांच्या आडोशाला, आपली दोन मूत्रपिंडे असतात. आकार घेवड्याच्या दाण्यासारखा, लांबी साधारण मुठीएवढी, वजन प्रत्येकी सुमारे १५० ग्रॅम. एवढ्याशा या अवयवांकडे हृदय दर मिनिटाला सुमारे एक लिटर रक्त पाठवते.

प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. प्रत्येक गाळणीत केसापेक्षाही बारीक रक्तवाहिन्यांचा एक गुच्छ असतो आणि त्याला जोडलेली एक लांब, नागमोडी नळी असते. गुच्छातून रक्तातील पाणी, मीठ, साखर, युरिया असे सारे झिरपते. रक्तपेशी आणि प्रथिने मात्र आतच राहतात. असे दिवसाला सुमारे १८० लिटर पाणी गाळले जाते. पण आपल्याला लघवी होते दीड-दोन लिटर. मग बाकीचे जाते कुठे?

दिवाळीआधी आपण घर आवरतो तेव्हा सगळे सामान अंगणात काढतो, कामाचे तेवढे पुन्हा आत नेतो आणि उरलेले टाकून देतो. मूत्रपिंडे नेमके हेच करतात. नळीतून पुढे सरकताना ९९ टक्के पाणी, सगळी साखर आणि लागेल तेवढे मीठ रक्तात परत घेतले जाते. युरिया, आम्ल, जादा पोटॅशियम असा केरकचरा थोड्या पाण्याबरोबर बाहेर पडतो. ही लघवी दोन मूत्रवाहिन्यांतून थेंबाथेंबाने मूत्राशयात उतरते. तेथे साधारण अर्धा लिटर मावते, पण निम्मे भरले की आपल्याला जाणीव होऊ लागते.

याखेरीज मूत्रपिंडे रक्तदाबावर लक्ष ठेवतात, हाडांसाठी ‘ड’ जीवनसत्त्व कार्यक्षम करतात आणि तांबड्या पेशी तयार करण्याचा हुकूम अस्थिमज्जेला देतात. म्हणूनच मूत्रपिंडे बिघडली की माणूस पांढुरका पडतो, थोड्या श्रमाने धापा टाकतो.

लघवी होते, पण कचरा राहतो

आता त्या गृहस्थांच्या प्रश्नाचे उत्तर. बिघडलेल्या मूत्रपिंडांतूनही पाणी बाहेर पडत राहते, पण कचरा मागे राहतो. लघवी किती झाली यावरून ती कशी झाली हे कळत नाही. शिवाय निसर्गाने आपल्याला मूत्रपिंडे गरजेपेक्षा पुष्कळ जास्त दिली आहेत. एक दान केले तरी निरोगी माणूस दुसऱ्यावर चांगला जगतो. या शिलकीमुळेच निम्म्याहून अधिक काम बंद पडेपर्यंत दुखत नाही, खुपत नाही. रक्तातील क्रिएटिनिनही बराच काळ फसवते. गाळणीला छिद्र पडल्याची पहिली खूण म्हणजे लघवीत उतरणारी प्रथिने. ती डोळ्यांना दिसत नाहीत, तपासणीत मात्र सापडतात.

मूत्रपिंडे निकामी होण्याची दोन प्रमुख कारणे म्हणजे मधुमेह आणि उच्च रक्तदाब. दोन्हीही त्या बारीक रक्तवाहिन्या वर्षानुवर्षे झिजवतात. तिसरी गोष्ट आपल्या औद्योगिक पट्ट्यात फार दिसते. शिफ्ट सुटली की कंबर दुखते, मग मेडिकलमधून वेदनाशामक गोळी घ्यायची. भट्टीपाशी घाम गाळून शरीर सुकलेले असताना या गोळ्या मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा आणखी कमी करतात. माझे ते रुग्णही जवळजवळ रोज एक गोळी घेत होते. मी विचारले नव्हते आणि त्यांना सांगण्याजोगे वाटले नव्हते.

भगिनींसाठी दोन शब्द. स्त्रियांचा मूत्रमार्ग केवळ चार सेंटिमीटर असतो, त्यामुळे जंतू लवकर वर चढतात. कामाच्या ठिकाणी वा प्रवासात स्वच्छतागृह नाही म्हणून कित्येकजणी पाणीच पीत नाहीत, लघवी तासन्‌तास रोखून धरतात. त्यातून जळजळ आणि थंडी-ताप उद्भवतो. मूतखड्यालाही कमी पाणी पिणे कारणीभूत ठरते. लघवी फिकट पिवळी राहील इतके पाणी प्यावे. ज्यांची मूत्रपिंडे आधीच बिघडली आहेत किंवा पायांवर सूज आहे, त्यांनी मात्र डॉक्टरांच्या सल्ल्यानेच पाण्याचे प्रमाण ठरवावे.

यंत्राची मदत

१९७५ साली आणीबाणीत अटकेत असलेले जयप्रकाश नारायण मूत्रपिंडांच्या विकाराने अत्यवस्थ झाले. सुटकेनंतर त्यांना मुंबईच्या जसलोक रुग्णालयात आणले गेले. डायलिसिसच्या आधारावर ते ऑक्टोबर १९७९ पर्यंत, म्हणजे जवळजवळ चार वर्षे जगले. हे यंत्र विलेम कोल्फ या डॉक्टरांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हॉलंडमध्ये बनवले. त्या काळी मोजक्यांना मिळणारा हा उपचार आज महाराष्ट्रात सरकारी आरोग्य योजनेतूनही मिळतो. तरी आठवड्यातून तीनदा, चार-चार तास सुईला जखडून राहणे सोपे नाही. निरोगी मूत्रपिंडे हे काम रात्रंदिवस, आपण झोपेत असतानाही करीत असतात.

माझे रुग्ण आता डायलिसिसवर आहेत. त्यांची नोकरी सुटली. चार वर्षांत लघवीची साधी तपासणी मी एकदाही सांगितली नव्हती, ही माझी चूक. त्यांच्यासोबत धाकटा भाऊ आला होता. त्याचा रक्तदाब पाहिला तर वाढलेला, लघवीत थोडी प्रथिने, क्रिएटिनिन अजून ठीक. त्याला गोळ्या सुरू केल्या, मीठ कमी केले, वेदनाशामक गोळ्या बंद केल्या. त्याची मूत्रपिंडे पुष्कळ वर्षे टिकतील अशी आशा बाळगायला जागा आहे.

वाचकांना एवढीच विनंती. मधुमेह वा रक्तदाब असेल, घरात कुणाला मूत्रपिंडाचा विकार असेल, तर वर्षातून एकदा लघवीतील प्रथिने आणि रक्तातील क्रिएटिनिन तपासून घ्या. डॉक्टर विसरले, तर तुम्ही आठवण करा. आम्हाला राग येणार नाही.