जुन्या फियाटसाठी हेड कसे निवडावे?



धान्याच्या पेढीवर आयुष्य घालविलेल्या माणसाने मोटारीच्या इंजिनाविषयी लिहावे, याचे अनेकांस नवल वाटेल. परंतु आपल्या पुष्कळ घरांच्या अंगणांत वडिलार्जित फियाट अद्याप उभ्या आहेत, आणि त्या पुन्हा चालू करताना पैसा व मनःस्वास्थ्य दोन्ही कसे खर्ची पडतात, हे आम्ही अनुभवले आहे.

या गाडीचे आपल्याशी एक नातेही आहे. सोलापुरात १८८२ साली जैन व्यापारी कुटुंबात जन्मलेले वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. तिच्या कुर्ला येथील कारखान्यातून फियाट ११०० व पुढे पद्मिनी बाहेर पडली. आता ते उत्पादन थांबून दोन तपे लोटली असून मुंबईच्या टॅक्सींतूनही पद्मिनी २०२३ च्या ऑक्टोबरात निवृत्त झाली. म्हणून नवे हेड कारखान्यातून मागविण्याची सोय उरलेली नाही. आपले जुने दुरुस्त करावे, दुसऱ्या गाडीचे घ्यावे, किंवा कोठे पडून राहिलेले न वापरलेले मिळवावे, हे तीनच मार्ग आहेत.

या इंजिनाचा ब्लॉक ओतीव लोखंडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचे असते. मिश्रण जळण्याची पोकळी, व्हॉल्व्ह, हवा येण्याच्या व धूर जाण्याच्या वाटा आणि पाण्याचे मार्ग, हे सर्व त्या हेडमध्येच सामावलेले असतात. ॲल्युमिनियम तापल्यावर लोखंडापेक्षा अधिक प्रसरण पावते. त्यामुळे पाणी कमी होऊन इंजिन उकळले की हेड वाकते अथवा तडकते. आमच्या ग्वाल्हेरच्या उन्हाळ्यात हे घडण्यास वेळ लागत नाही.

काही वर्षांपूर्वी आम्ही वडिलांच्या गाडीसाठी एका विक्रेत्याकडून असे जुने हेड घेतले. ते आरशासारखे चकाकत होते. त्या चकाकीवरच आम्ही भुललो. आमच्या वृद्ध मातोश्रींची वडिलांच्याच गाडीतून सोनागिरीस जाण्याची इच्छा होती. डबऱ्याच्या अलीकडेच इंजिन उकळले. रस्त्याकाठी उन्हात त्या दोन तास बसून राहिल्या. पुढे हेड उघडले तेव्हा दोन व्हॉल्व्हच्या सीटांमधील तडा भरून वरून घासलेला आढळला. तेलात पाणी मिसळून ते दुधासारखे झाले होते. पुढील वर्षी मातोश्री निवर्तल्या. ती यात्रा राहूनच गेली. पोत्यात परखी घातल्यावाचून आम्ही कधी गहू घेतला नाही, आणि येथे मात्र वरचा रंग पाहून दाम मोजले, हा दोष आमचाच.

म्हणून तपासणीचा क्रम सांगतो. प्रथम हेडवरील ओतीव क्रमांक व व्हॉल्व्हचे माप आपल्या इंजिनाशी जुळते का, ते पाहावे. मग सरळ पोलादी पट्टी आडवी, उभी व तिरपी ठेवून फीलर गेजने वाक मोजावा. पाण्याच्या छिद्रांभोवती धातू खाल्ला गेला असल्यास गॅस्केट तेथे धरत नाही. शेवटी पाण्याच्या वाटा बंद करून, हेड गरम पाण्यात बुडवून आत हवेचा दाब द्यावा. बुडबुडे आले तर तडा आहे. ही परीक्षा देण्यास जो विक्रेता तयार नसेल, त्याच्याकडून माल घेऊ नये.

वाकलेले हेड प्लेन करून घेता येते. पण त्यास मर्यादा आहे. १०८९ घनसेंटिमीटरच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरच्या वाट्यास सुमारे २७२ येतात. वरची पोकळी ४० धरली तर दाबाचे प्रमाण ७.८ होते. एक मिलिमीटर घासल्याने पोकळी सुमारे साडेतीनने घटते आणि तेच प्रमाण साडेआठाजवळ जाते. त्याने शक्ती किंचित वाढेल, परंतु चढावर ठोका ऐकू येईल आणि पिस्टनचे आयुष्य कमी होईल.

आमच्या पुतण्याचा आग्रह होता की, वाटा कोरून रुंद कराव्यात व मोठे व्हॉल्व्ह बसवावेत. शर्यतीच्या गाडीस ते शोभते, कारण तिचे इंजिन सदैव वेगाने फिरते. किला गेटच्या गर्दीतून चालणाऱ्या गाडीस मंद फेऱ्यांत जोर हवा. वाट फार रुंद केली की मंद फेऱ्यांत हवेचा वेग पडतो, मिश्रण नीट होत नाही आणि गाडी अडखळते. मूळ मापच ठेवून वाटांतील खडबडीतपणा काढणे पुरेसे होय.

एका कामात मात्र काटकसर करू नये. पेट्रोलमधील शिसे व्हॉल्व्हच्या सीटांचे रक्षण करीत असे. ते देशभर २००० साली बंद झाले. म्हणून हेड उघडलेच आहे, तर कठीण धातूच्या सीटा व नवे गाइड बसवून घ्यावेत. बसविताना बोल्ट मध्यापासून बाहेरच्या बाजूस, टप्प्याटप्प्याने, टॉर्क रेंचने कसावेत. आणि रेडिएटरमध्ये नुसते नळाचे पाणी न घालता गंजरोधक कूलंट घालावे.

आम्ही अखेर वडिलांच्या गाडीचे मूळ हेडच शोधून काढले. ते अडगळीत पडून होते. तपासले, तर थोडेसे वाकलेले, पण तडा कोठेही नव्हता. प्लेन करून, नव्या सीटांसह ते बसविले आहे. गेल्या हिवाळ्यात त्याच गाडीने आम्ही सहकुटुंब सोनागिरीस जाऊन आलो. पुढची एक जागा आम्ही रिकामी ठेवली होती.