इटलीचा किनारा आणि भाड्याची मोटार

इटलीच्या प्रवासाचा बेत करणारी मंडळी अलीकडे वरचेवर भेटतात, आणि रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस यांची बोलणी आटोपून विषय समुद्रकिनाऱ्याकडे वळला, की बहुतेक जण तेच एक वाक्य पाठ करून आल्यासारखे उच्चारतात : "तिथे मोटार भाड्याने घ्यायची, म्हणजे कसे, आपले आपण मुखत्यार." गृहस्थ पुण्यामुंबईचा असला, तर पुढचे वाक्यही ठरलेलेच असते : "वरंध घाटात भर पावसात गाडी काढली आहे आम्ही, इटलीचे काय घेऊन बसलात!" ही दोन वाक्ये मी इतक्यांदा ऐकली आहेत, की आता पहिले पुरते होण्याआधीच माझ्या कपाळावर आठी उमटते.

वरंध घाटाविषयी, किंवा तेथे गाडी हाकणाऱ्याच्या कौशल्याविषयी, मला यत्किंचितही शंका नाही. ज्या रस्त्यावर आपण मुखत्यार होऊ पाहतो तो मुळात कोणत्या जातीचा आहे, याची चौकशी या मंडळींनी केलेली नसते, एवढेच माझे म्हणणे आहे. सोरेंतोच्या द्वीपकल्पाच्या दक्षिण अंगाने, मेता या गावापासून सालेर्नोच्या वेशीवरील व्हिएत्रीपर्यंत सुमारे ५० किलोमीटर जाणारा हा सरकारी मार्ग क्रमांक १६३, ज्याला 'अमाल्फीताना' म्हणतात, तो एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, नेपल्सवर बूर्बों राजांचा अंमल असताना, कड्यात खोदला गेला. त्याची रुंदी घोडागाडीच्या मापाची आणि वळणे कड्याच्या मर्जीची. त्यानंतर ना कडा मागे सरला, ना समुद्र. पोझितानो, प्रायानो, अमाल्फी, मायोरी ही गावे या एकाच दोऱ्यात ओवलेली असून, किनाऱ्याने जाणारा दुसरा रस्ता नाही. एका ठिकाणी गाठ बसली, की सारा दोरा अडतो.

प्रायानोच्या अलीकडच्या एका वळणावर पाहिलेला प्रसंग सांगतो. दिवस एप्रिलचे होते, आणि मी बसमध्ये होतो. प्रत्येक आंधळ्या वळणाआधी वाजवतो तसा चालकाने भोंगा वाजवला. पलीकडून उत्तर आले नाही म्हणून बसचे नाक पुढे काढले, तो समोर काचेवर भाड्याच्या कंपनीची चिठ्ठी मिरवणारी एक लहानशी पांढरी मोटार आणि तिच्या पाठीशी आणखी सहासात वाहने. चालकाने एक अक्षरही न बोलता दोन बोटांनी 'मागे' अशी खूण केली. मोटारीतील बाई खाली उतरल्या, त्यांनी बाजूचा आरसा मिटवला आणि कड्याला पाठ लावून त्या उभ्या राहिल्या. चक्रावर बसलेल्या गृहस्थांनी वितीवितीने मोटार मागे नेली, दोनदा ती बंद पाडली, तिसऱ्यांदा दगडी कठड्याला घासली. हा सोहळा अकरा मिनिटे चालला. तेवढ्या वेळात खालचा समुद्र निळा होता की हिरवा, हे त्या मोटारीतील एकालाही सांगता आले नसते. आमच्या बसमधील एक आजी मात्र मांडीवरच्या पिशवीतले वाटाणे शांतपणे सोलत होत्या.

हा प्रसंग अपवादात्मक वाटेल त्यांच्यासाठी सरकारी पुरावा देतो. या रस्त्याचा कारभार ज्या सरकारी यंत्रणेकडे आहे त्या 'आनास'ने २०२२ साली हुकूम काढून गर्दीच्या दिवसांत, सकाळी १० ते संध्याकाळी ६ पर्यंत, सम-विषम क्रमांकांची पद्धत येथे लागू केली. मोटारीच्या पाटीवरील शेवटचा अंक आणि त्या दिवसाची तारीख यांचे जमले, तर रस्ता मोकळा. न जमले, तर बंद. स्थानिक रहिवासी, टॅक्सी आणि सार्वजनिक बस यांना यातून सूट आहे. हौशी प्रवाशाच्या भाड्याच्या मोटारीला नाही. आता यातील मौज पाहा. मोटार तुम्ही दोन महिने आधी नक्की करता, पण तिच्या पाटीवर कोणता अंक आहे हे किल्ली हातात पडेपर्यंत कळत नाही. म्हणजे ज्या मुखत्यारीसाठी एवढा अट्टाहास केला, ती एका अंकाच्या मर्जीवर लटकलेली. हुकूम नेमक्या कोणत्या दिवसांना लागू आहे याची खातरजमा प्रत्येकाने आपल्या प्रवासाच्या वर्षी करून घ्यावी.

त्यातून सुटलात, तरी मोटार उभी करायची कोठे? इटलीत रस्त्यावरची पांढरी रेघ म्हणजे फुकट जागा, निळी म्हणजे पैसे भरून, आणि पिवळी म्हणजे राखीव, तेथे उभे राहू नये. या किनाऱ्यावर पांढरी रेघ शोधणे म्हणजे आषाढीला पंढरपुरात रिकामी खोली शोधण्यासारखे आहे. शिवाय बहुतेक जुन्या गावांच्या गाभ्याभोवती 'मर्यादित वाहतुकीचे क्षेत्र' आखलेले असते. त्याच्या तोंडाशी फाटक नसते, शिपाई नसतो, फक्त एक पाटी आणि एक कॅमेरा असतो. आमचे एक स्नेही अशाच एका गावात, उपाहारगृहाच्या शोधात, एकाच संध्याकाळी दोनदा त्या पाटीखालून गेले. घरी परतून त्यांनी छायाचित्रे दाखवली, चिवडा खाऊ घातला, इटलीची मुक्तकंठाने स्तुती केली. आणि सातव्या महिन्यात दोन स्वतंत्र दंडांचे कागद आले. भाड्याच्या कंपनीने त्यांचे नाव-पत्ता पोलिसांना कळवण्याची हमाली त्याआधीच त्यांच्या कार्डातून वसूल केली होती. "इतक्या महिन्यांनी दंड कसा लागू होईल?" असे ते मला तावातावाने विचारत होते. होतो. इटलीच्या वाहतूक कायद्याच्या २०१ व्या कलमान्वये परदेशस्थ माणसाला नोटीस पाठवण्याची मुदत ३६० दिवसांची आहे.

याच मंडळींचा आणखी एक लाडका समज असा, की भारतीय परवाना इंग्रजीत छापलेला असल्यामुळे तो तेथे चालतो. इटलीची राजभाषा इटालियन आहे, एवढे जरी ध्यानी घेतले तरी पुरे. परवान्यासोबत आंतरराष्ट्रीय परवाना, किंवा मूळ परवान्याचे अधिकृत भाषांतर लागते. १९४९ च्या जिनिव्हा करारानुसार दिला जाणारा हा आंतरराष्ट्रीय परवाना आपल्या जिल्ह्याच्या आरटीओत निघतो, आणि तो येथूनच काढून न्यावा लागतो. मोटारीचा आगाऊ भरणा करून विमानतळाच्या खिडकीशी पोहोचलेल्या, आणि तेथून पायी परतलेल्या कुटुंबांची संख्या थोडी नसावी.

मुळात गोष्ट अशी आहे, की ही गावे मोटारीसाठी वसलेलीच नाहीत. रस्ता होण्यापूर्वी कित्येक शतके येथली सारी ये-जा समुद्रावरून होत असे, नाही तर खेचरांच्या पायवाटांनी आणि पायऱ्यांनी. अमाल्फी हे एके काळचे सागरी प्रजासत्ताक. त्याच्या जहाजांचा व्यापार पूर्वेकडे बायझंटियमपर्यंत चाले, आणि त्याचे तोंड आजही समुद्राकडेच आहे. म्हणूनच अमाल्फीला जावे ते शक्यतो पाण्यावरून. वेगवान आगगाडीने सालेर्नोला उतरावे, धक्क्यापर्यंत चालत जावे आणि फेरीबोट धरावी. साधारण ३५ मिनिटांत अमाल्फीच्या डोंगरउतारावरची लिंबांची वाफ्यावाफ्यांची शेती, तिच्यावर पसरलेली जाळी, आणि घरांच्या गर्दीतून डोके वर काढणारे कॅथेड्रलाचे घाटदार शिखर हे सारे एकदम समोर उभे राहते. रस्त्यावरून येणाऱ्याला हे दृश्य कधीच दिसत नाही, कारण तो त्या दृश्याच्या आत अडकलेला असतो. मात्र या बोटी वसंतापासून शरदापर्यंतच धावतात, आणि समुद्र खवळला की त्या दिवशी बंद राहतात. वर्षभर चालतात हा समज घेऊन जानेवारीत धक्क्यावर जाणाऱ्याला फक्त वारा भेटेल.

बोट नसेल तेव्हा बस. सोरेंतो ते अमाल्फी आणि अमाल्फी ते सालेर्नो अशा दोन टप्प्यांत 'सिता सुद' कंपनीच्या बस जातात. पहिल्या टप्प्याला पावणेदोन तासांच्या आसपास धरावे. तिकीट चढण्यापूर्वी घ्यावे. ते रोमन 'टी' (T) अक्षराची खूण लटकवलेल्या तंबाखूच्या दुकानात मिळते. तंबाखूच्या दुकानात बसचे तिकीट कशाला, असा प्रश्न पडून आपले लोक तेवढेच एक दुकान टाळून पुढे जातात, हे मी पाहिले आहे. उन्हाळ्यात बस मधल्या थांब्यांवर भरलेल्या येतात आणि न थांबता जातात, हे खरे. त्यावर उपाय म्हणजे जेथून ती सुटते तेथेच चढणे आणि सकाळी ८ च्या आत घराबाहेर पडणे.

उत्तरेकडच्या चिंक्वे तेर्रेची तऱ्हा याहून उलटी, तरी निष्कर्ष तोच. मोंतेरोस्सो, व्हेर्नाझ्झा, कोर्निल्या, मानारोला आणि रिओमाज्जोरे या पाच गावांतून जेनोआ ते ला स्पेत्सिया हा लोहमार्ग १८७४ पासून जातो, आणि दोन शेजारी गावांतले अंतर आगगाडी पाचएक मिनिटांत तोडते. तरीही "मोटारीने पाचही गावे करू" असे म्हणणारे भेटतातच. मोटार गावाच्या डोक्यावर कोठे तरी सोडावी लागते आणि खाली पायीच उतरावे लागते. लोहमार्गाबद्दलही एक भाबडी समजूत आहे, की सबंध वाटेवर खिडकीत समुद्र असतो. प्रत्यक्षात मार्ग बहुतांश बोगद्यांतून जातो. समुद्र उजेडाच्या एका झपक्यासारखा येतो आणि जातो. कोकण रेल्वेने गेलेल्याला हे वेगळे सांगायला नको.

पाचांपैकी कोर्निल्याला बोट लागत नाही, कारण ते समुद्रापासून सुमारे १०० मीटर उंचावर बसले आहे. स्थानकापासून गावात जायला पावणेचारशेहून अधिक पायऱ्यांचा जिना आहे. गुडघेदुखीच्या माणसाने स्थानकाबाहेरची छोटी बस पाहावी, आणि ती नसेल तर त्या गावाचा मोह सोडावा. रिओमाज्जोरे ते मानारोला ही 'प्रेमाची वाट' म्हणून गाजलेली पायवाट कायमची बंद झाली असे अजून सांगितले जाते. सप्टेंबर २०१२ मध्ये दरड कोसळून ती बंद पडली होती हे खरे, पण २०२४ च्या ऑगस्टपासून ती प्रवाशांना पुन्हा खुली झाली आहे. प्रवेशाची वेळ मात्र आधी ठरवून घ्यावी लागते.

उरलेल्या समजुतींवर फार शाई खर्च करण्याचे कारण नाही. रोमहून सकाळी निघून अमाल्फी 'करून' रात्री परत येता येते का? येते, फक्त दिवसाचे सात-आठ तास बैठकीवर जातात, आणि अमाल्फीच्या वाट्याला एक आइस्क्रीम येते. 'पोम्पेई' नावाचे स्थानक म्हणजे अवशेषांचे स्थानक, ही अशीच एक फसगत : अवशेषांचे दार नेपल्स-सोरेंतो या छोट्या लोहमार्गावरील 'पोम्पेई स्काव्ही – व्हिल्ला देई मिस्तेरी' या थांब्यासमोर आहे, तर नुसते 'पोम्पेई' हे स्थानक आजच्या शहरात आहे. युरोपभरचा रेल्वे पास घेतला की सर्वत्र फुकट, हेही नाही. वेगवान गाडीत आसनाचे पैसे वेगळे पडतात, आणि सोरेंतोच्या त्या छोट्या गाडीला तो पास लागूच नाही. सगळ्या आगगाड्यांची तिकिटे तीन महिने आधी काढण्याची धावपळ फक्त वेगवान गाड्यांपुरती शहाणपणाची. प्रादेशिक गाडीचे भाडे ठरलेले असते आणि आसन राखीव नसते, पण तिचे कागदी तिकीट फलाटावरच्या यंत्रात छापून घ्यायला विसरलात तर दंड. संप म्हणजे सारे ठप्प, असेही नव्हे : प्रादेशिक गाड्यांना कामाच्या दिवशी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ या वेळांत किमान सेवा द्यावीच लागते. काप्रीच्या निळ्या गुहेचे तिकीट काढले म्हणजे ती दिसणारच, हे समुद्राला मान्य नाही. तिचे तोंड जेमतेम एक मीटर उंच असून, वल्ह्यांच्या होडीत आडवे पडूनच आत जावे लागते, आणि लाट थोडी चढली की दार बंद. आणि गोव्यासारखी वाळू शोधाल तर निराश व्हाल. अमाल्फीकडचे किनारे बव्हंशी गोट्यांचे आहेत, चपला जाड तळाच्या न्याव्यात.

मोटारीवर माझा वंशपरंपरागत राग आहे असे कोणी समजू नये. इटलीचा सारा किनारा काही अमाल्फी नव्हे. सालेर्नोच्या दक्षिणेला चिलेंतो आहे, पूल्यात सालेंतोचे टोक आहे. तेथे गावे विरळ, रस्ते ऐसपैस आणि बस दुर्मीळ, आणि तेथे मोटारीवाचून खरोखरच अडते. हौस दांडगी असेल तर ती तेथे भागवावी.

अमाल्फीपुरते मात्र एवढे ऐकावे : सोरेंतोहून निघणाऱ्या बसमध्ये आधी चढून उजवीकडची खिडकी धरावी. समुद्र शेवटपर्यंत त्याच बाजूला आहे.