खाजेवरचं घरगुती मलम विकायचंय? आधी डबीवर काय लिहिणार ते ठरवा



दिवाळी आटोपली आणि नागपूरची हवा कोरडी व्हायला लागली की आपल्या ट्रेनिंग बॅचमध्ये एक बिझनेस आयडिया हमखास येते. कुणी तरी हात वर करतं, "ताई, मी घरी मलम बनवून राहिली. कडुनिंब, हळद, खोबरेल. माह्या पोराची खाज गेली ना यानं! आता विकायचं म्हणते." सोबत डबीचा फोटो असतो आणि डबीवर ठळक अक्षरांत छापलेलं असतं, 'इसब, खाज, गजकर्ण, सोरायसिसवर रामबाण'.

आयडिया वाईट नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी इथे कातडी फुटते, लोक कढत पाण्याने आंघोळ करतात, बोअरचं पाणी जड असतं, त्यामुळे मागणी खरी आहे. अडचण त्या लेबलच्या ओळीत आहे. त्या एका ओळीने तुमचा धंदा कुठल्या कायद्याखाली येतो, डबीत काय घालायचं आणि ती कुणाला विकायची नाही, हे सगळं बदलतं.

औषध की कॉस्मेटिक?

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण आपल्या नागपूरशी जोडलेलं आहे. विको कंपनी सुरू करणारे केशव विष्णू पेंढारकर मुंबईला जाण्याआधी नागपुरात किराणा दुकान चालवायचे. 1952 मध्ये त्यांनी मुंबईत कंपनी काढली. पुढे हळदीची क्रीम आली. तिची जाहिरात तुम्हाला आठवत असेल, हे कॉस्मेटिक नाही असं त्यात ठासून सांगायचे. लहानपणी आपल्याला ती नुसती चाल वाटायची, पण त्यामागे कराचा मोठा वाद होता. अबकारी खातं म्हणायचं, ही सौंदर्यप्रसाधनं आहेत, त्या दराने कर भरा. कंपनी म्हणायची, ही आयुर्वेदिक औषधं आहेत. नागपूरचे केंद्रीय अबकारी आयुक्त विरुद्ध विको लॅबोरेटरीज या नावाने हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि विकोची बाजू मान्य झाली. अशा वादांत न्यायालयं मुख्यतः दोन गोष्टी बघतात. वापरणारी सामान्य माणसं त्या वस्तूला औषध समजतात का, आणि त्यातले घटक आयुर्वेदाच्या प्रमाण ग्रंथांत सांगितलेले आहेत का.

आता कुणी म्हणेल, मग आपणही आयुर्वेदिक म्हणू या. म्हणा, पण एक फरक लक्षात घ्या. विकोकडे औषध बनवण्याचा परवाना होता. म्हणून त्यांना 'हे औषध आहे' असं छातीठोक सांगता आलं. तुमच्याकडे काय आहे?

1940 च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यात व्याख्या साधी आहे. रोग बरा करायला, कमी करायला किंवा टाळायला वापरायची वस्तू म्हणजे औषध. अंगाला चोळायची, लावायची, शिंपडायची, पण स्वच्छतेसाठी किंवा रूप चांगलं दिसण्यासाठी, ती वस्तू म्हणजे कॉस्मेटिक. इसब हा रोग आहे. 'कोरडी त्वचा मऊ ठेवते' लिहिलं तर कॉस्मेटिक, 'इसब बरा करते' लिहिलं तर औषध. डबीतला माल तोच असला तरी. हे फक्त डबीपुरतं नाही. रीलमध्ये बोललेलं, व्हॉट्सअ‍ॅप कॅटलॉगमध्ये टाकलेलं, प्रदर्शनातल्या बॅनरवरचं, सगळं त्यातच मोजलं जाऊ शकतं. शिवाय 1954 चा एक वेगळा कायदा आहे, जादूटोण्यासारखे उपाय आणि आक्षेपार्ह जाहिराती यांवरचा. ज्या आजारांवरच्या इलाजाची जाहिरातच करता येत नाही त्यांची यादी त्यात आहे आणि कोड, म्हणजे पांढरे डाग, त्या यादीत आहे. तेव्हा 'सगळ्या त्वचारोगांवर एकच डबी' अशी लांबलचक यादी छापणाऱ्याने जरा थांबावं.

"पण ताई, मी घरीच तर बनवते, परवाना कशाला?" विकायला बनवताय म्हणून. घरच्यांसाठी केलं तर कुणी विचारत नाही. विक्रीसाठी कॉस्मेटिक बनवायचं तर 2020 च्या कॉस्मेटिक्स नियमांप्रमाणे राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडून परवाना लागतो. अर्ज सीओएस-5 मध्ये, परवाना सीओएस-8 मध्ये. जागा वेगळी आणि धुता येण्यासारखी हवी. स्वयंपाकघराच्या ओट्यावर चालत नाही. देखरेखीला जाणकार माणूस लागतो, मात्र तो मोठा शास्त्रज्ञच हवा असं नाही. डी.फार्म झालेला किंवा रसायनशास्त्र घेऊन बारावी पास झालेलाही नियमात बसतो. आपल्या बॅचमधल्या बऱ्याच जणी बसतील!

एवढी गुंतवणूक आत्ताच नको असेल तर परवानाधारक कारखान्याकडून माल बनवून घ्या आणि आपल्या ब्रँडने विका. लेबलवर 'निर्माता' म्हणून त्यांचं नाव आणि परवाना क्रमांक, 'विपणन' म्हणून तुमचं. कॉस्मेटिक नुसतं विकायला वेगळा परवाना लागत नाही. दुसरा रस्ता लोन लायसन्सचा, म्हणजे त्यांच्या परवानाधारक जागेत तुमचं उत्पादन, त्याचा अर्ज सीओएस-6. सुरुवातीला मी पहिलाच रस्ता सांगते. आयुर्वेदिक औषधाचा परवानाही काढता येतो, पण त्याची जागा, तज्ज्ञ आणि कागदपत्रं यांचा पसारा मोठा आहे. पहिल्या वर्षी त्यात पडू नका.

डबीत काय घालायचं

इसबात त्वचेची वरची भिंत कमजोर झालेली असते. आतलं पाणी उडून जातं आणि बाहेरची धूळ, साबण, घाम आत शिरून खाज उठवतात. खाजवलं की भिंत आणखी फुटते. म्हणून डॉक्टर औषधासोबत भरपूर मॉइश्चरायझर सांगतात. आंघोळ कोमट पाण्याने, अंग टिपून घ्यायचं आणि कातडी ओलसर असतानाच लावायचं. तुमच्या उत्पादनाची खरी जागा हीच आहे, त्या भिंतीवर एक थर देणं. त्यापेक्षा मोठा मान त्याला देऊ नका.

या कामाला सगळ्यात सुरक्षित सुरुवात म्हणजे बिनपाण्याचं मलम. पाणी आलं की जंतू आले. कोरफडीचा ताजा गर, गुलाबपाणी, दूध, दही घातलेली क्रीम प्रिझर्वेटिव्हशिवाय थोड्याच दिवसांत बिघडते, आणि वास येण्याआधीही तिच्यात जंतू वाढलेले असू शकतात. इसबाच्या कातडीवर आधीच स्टॅफिलोकॉकस जंतू जास्त असतात, त्यात ही भर नको. 'नो प्रिझर्वेटिव्ह' हे कौतुकाने छापतात, पण पाणी असलेल्या मालात तो गुण नाही.

मलमात खोबरेल, सूर्यफूल तेल आणि मधमाश्यांचं मेण एवढ्यावर चांगलं काम होतं. ऑलिव्ह ऑइल महाग म्हणून भारी असं समजू नका. त्यात ओलिक आम्ल जास्त असतं आणि ते त्वचेची भिंत सैल करू शकतं. लिनोलिक आम्ल जास्त असलेलं साधं सूर्यफूल तेल त्याहून बरं. जवस आपल्या विदर्भाचं म्हणून जवसाच्या तेलाचं मलम करायचा मोह होतो. पण ते हवेने लवकर बिघडतं, खवट होतं (रंगवाले ते वापरतात ते त्याच गुणासाठी, हवेत सुकतं म्हणून). मुख्य तेल म्हणून नको.

आता नागपूरचं गणित. खोबरेल 24-25 अंशांना वितळतं, कोकम बटर 40 च्या आसपास, मेण 62-64 ला. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 गाठतो. डिसेंबरात छान बसलेली डबी मे मध्ये कुरिअरच्या गाडीत पातळ होऊन झाकणातून गळते. आणि कोकम बटर वितळून पुन्हा गोठलं की दाणेदार होतं, ग्राहकाला वाटतं माल खराब. म्हणून दोन रेसिपी ठेवा. हिवाळ्यात मेण 15 टक्के, कोकम बटर 15 टक्के, बाकी दोन तेलं निम्मी-निम्मी. उन्हाळ्यात मेण 22 ते 25 टक्के, कोकम बटर बंद. दोन्हीत शेवटी, आच बंद केल्यावर, अर्धा टक्का व्हिटॅमिन ई. ते तेल खवट होणं लांबवतं, जंतू मारत नाही. मेण सरळ आचेवर नको, पाण्याच्या भांड्यात भांडं ठेवून वितळवा. डब्या आणि चमचे खडखडीत कोरडे हवेत. ही ट्रायलची रेसिपी आहे. कारखान्याकडे जाताना हाच कागद घेऊन जा.

दुसरं चांगलं उत्पादन म्हणजे ओट्सची बारीक पूड, आंघोळीच्या पाण्यात घालायला. अमेरिकेच्या एफडीएने 2003 पासून कोलॉइडल ओटमीलला त्वचेचं रक्षण करणारा घटक मानलं आहे. साधे ओट्स मिक्सरवर अगदी पिठासारखे दळा, चाळा आणि चमचाभर पूड पेलाभर पाण्यात टाकून बघा. पाणी दुधाळ झालं, तळाशी गाळ बसला नाही, तर जमलं. पावसाळ्यात मात्र हे पाकीट ओल धरतं, जुलै-ऑगस्टला छोटी बॅच करा.

सुगंध घालू नका. लव्हेंडर, टी ट्री, लिंबू ही तेलं नैसर्गिकच आहेत, पण नाजूक कातडीला त्यांची अ‍ॅलर्जी येऊ शकते. लिंबाचा रस तर मुळीच नको, तो लावून नागपूरच्या उन्हात गेलं की चट्टे आणि काळे डाग उठतात. खाण्याचा सोडाही नको. कडुनिंबाच्या साबणाबद्दल नेहमी विचारतात. कॉस्टिकवर बनलेला कुठलाही साबण अल्कधर्मीच असतो, पीएच 9-10 च्या घरात, आणि आपली त्वचा 5 च्या आसपास. त्यात कितीही निंब घातला तरी हा आकडा बदलत नाही. निंबाचा साबण खुशाल विका, खाजेवरचा म्हणून विकू नका.

आणि खाण्याचे पदार्थ फुटलेल्या कातडीवर चोळणं. बेसन, शेंगदाणा तेल, दूध, गव्हाचं पीठ. घरात पिढ्यान्‌पिढ्या लावतात हे खरं, पण फुटलेल्या कातडीतून शरीराची त्या पदार्थाशी ओळख झाली तर पुढे तो खाल्ल्यावर अ‍ॅलर्जी उठू शकते. जपानमध्ये चेहऱ्याच्या एका लोकप्रिय साबणात गव्हाचं प्रक्रिया केलेलं प्रथिन होतं. तो वापरणाऱ्या दोन हजारांहून जास्त लोकांना गहू खाण्याची अ‍ॅलर्जी झाली आणि 2011 मध्ये साबण बाजारातून परत मागवावा लागला. म्हणून सगळे घटक लेबलवर लिहा. 'गुप्त नुस्खा' या धंद्यात चालत नाही.

ज्याला विकायचं नाही

काउंटरवर माणूस बाही वर करून दाखवतो, "याच्यावर काही आहे का?" गोल चकंदळ, कडा उठलेल्या, मध्ये साफ, तर ते बहुतेक गजकर्ण. तो बुरशीचा आजार आहे, तेलकट मलम लावून झाकला तर ओल धरून आणखी पसरू शकतो. घरात सगळेच रात्री खाजवत असतील तर खरूज असू शकते. पाणी गळतंय, पिवळी खपली आहे, ताप आहे, बाळ अगदी तान्हं आहे, तर डबी काढूच नका. मेडिकलला किंवा मेयोला त्वचारोगाची ओपीडी आहे, तिकडे पाठवा. ओळखायचं काम आपलं नाही, डॉक्टरचं. आपण फक्त 'हे माझ्या डबीचं काम नाही' एवढं ओळखायचं.

लोकांनी मनाने स्टिरॉइडच्या ट्यूबा लावून गजकर्णाचा देशभर केवढा घोळ केलाय ते कुठल्याही त्वचारोगतज्ज्ञाला विचारा. 2018 मध्ये सरकारने अशा बऱ्याच क्रीम चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. तुम्हाला कुणी ठोक विक्रेता 'हर्बल बेस' म्हणून बिनलेबलचा, दोन दिवसांत गुण देणारा माल दाखवला, तर त्यात काय असू शकतं याचा अंदाज करा आणि घेऊ नका.

नव्या ग्राहकाला आधी छोटी सॅम्पल डबी द्या. कोपराच्या आतल्या बाजूला, रोज दोनदा, सात दिवस. लाली किंवा खाज आली तर बंद.

दराचं थोडक्यात. समजा 50 ग्रॅमच्या डबीला माल 38 रुपये, डबी-लेबल 17, मजुरी 15, म्हणजे 70. लॅब टेस्टिंगला बॅचमागे समजा 4,000 लागले. 100 डब्यांची बॅच असेल तर डबीमागे 40 वाढले, खर्च 110. 500 ची असेल तर फक्त 8, खर्च 78. म्हणून टेस्टिंग वगळून स्वस्त करू नका, ऑर्डर गोळा करून बॅच मोठी करा. लेबलवर एमआरपी, निव्वळ वजन, बॅच नंबर, बनवल्याचा महिना-वर्ष, कधीपर्यंत वापरायचं ते आणि तक्रारीचा फोन, हे सगळं हवंच.

प्रत्येक बॅचची एक डबी कपाटात ठेवून द्या, वर तारीख आणि रेसिपी नंबर लिहून. एसीत नको, साध्या खोलीत. मे महिन्यात उघडा, वास घ्या, बोट फिरवून बघा आणि जे दिसेल ते वहीत लिहा.