पुडी लहान, कीर्ती महान

डब्यात भाजी जरा कमी पडली तर माणूस चालवून घेतो. लोणच्याची पुडी राहिली, तर मात्र कॅन्टीनवाल्याच्या नावाने शंख! या चिमुकल्या ऐवजाच्या खरेदीत डोकं घालावं तेवढं थोडंच, कारण एकेका पुडीमागे भलामोठा इतिहास दडलाय.

साखरेच्या पुडीचं मूळच मुळी खानावळीत आहे. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये नौदलाच्या गोदीसमोर बेन आयझेनस्टॅट यांचं कॅफेटेरिया होतं. दुसरं महायुद्ध संपलं, गोदीतली गर्दी ओसरली आणि गिऱ्हाईकही. बेननी तिथेच चहाच्या पिशव्या भरायचा धंदा सुरू केला. हॉटेलांतल्या टेबलांवरच्या साखरदाणीत गोळे होतात, ही पत्नी बेटी यांची तक्रार. मग चहाच्या यंत्रातून साखर का भरू नये? कल्पना एका बड्या साखर कंपनीला दाखवली, पण पेटंट घेतलेलं नव्हतं. कंपनीने स्वतःच पुड्या भरायला घेतल्या! बेन खचले नाहीत. १९५७ मध्ये मुलाच्या साथीने त्यांनी सॅकरिनची ‘स्वीट एन लो’ आणली. पांढऱ्या पुड्यांत उठून दिसावी म्हणून गुलाबी. तिच्या बोधचिन्हाचा अमेरिकेतला ट्रेडमार्क क्रमांक आहे १०,००,०००.

जपानी डब्यातला सोया सॉस माशाच्या आकाराच्या इवल्याशा बाटलीत येतो. १९५४ मध्ये ओसाकाच्या तेरुओ वातानाबे यांनी ती काढली. दक्षिण ऑस्ट्रेलियाने १ सप्टेंबर २०२५ पासून याच प्लास्टिकच्या माशावर बंदी घातली.

हाइन्झची केचपची पुडी आली १९६८ मध्ये. कोरोनाकाळात टेबलावरच्या बाटल्या हटल्या, पार्सलं वाढली आणि २०२१ मध्ये अमेरिकेत पुड्यांचा चक्क दुष्काळ पडला. तेव्हा कंपनीने वर्षाला १२०० कोटी पुड्यांपर्यंत उत्पादन वाढवायचं ठरवलं.

आता लोणच्याची चकचकीत पुडी फाडून तिची कड नीट पाहा. बाहेर छपाईचं पॉलिएस्टर, मध्ये हवा आणि उजेड अडवणारा ॲल्युमिनियमचा पातळ पापुद्रा, आत उष्णतेने चिकटणारं पॉलिथिन. तेल, मीठ आणि आंबटपणा, तिघांना महिनोन्महिने थोपवायचं म्हणजे एका थराचं कामच नव्हे. पण हेच थर पुन्हा सुटे करणं महाकठीण, म्हणून भंगारवालाही ती उचलत नाही.

भारतात १ जुलै २०२२ पासून प्लास्टिकचे चमचे, काटे, ताटल्या, पेले, स्ट्रॉ, ट्रे बंद झाले. त्या यादीत सॉसची पुडी नाही. युरोपीय संघात मात्र २०३० पासून हॉटेलात बसून खाणाऱ्याला प्लास्टिकची पुडी मिळणार नाही, पार्सलसोबत चालेल.

आपल्याकडे आता लाकडी चमचे आणि उसाच्या चिपाडाचे डबे आलेत. छान आहेत, पण सगळेच सारखे नसतात. घाऊक माल उचलण्याआधी एका डब्यात उकळता रस्सा ओता, झाकण लावा, अर्धा तास ठेवा. बूड ओलं झालं, तर दर कितीही पडता असो, नको म्हणा.

आणि पुड्यांचं मोठं खोकं रिकामं झाल्याशिवाय फेकू नका. १०० चौरस सेंटिमीटरपेक्षा लहान पाकिटाला घटकांची यादी छापण्यातून सूट असते; ती बाहेरच्या खोक्यावर असते. कुणी ‘मला शेंगदाणा चालत नाही, चटणीत आहे का?’ असं विचारलं, तर उत्तर तिथेच सापडेल.