गुणांचें माप उघड्यावर हवें

वऱ्हाडच्या व्यापारी मंडळींस मापाचें महत्त्व आम्हीं सांगावयास नको. हिंदुस्थानांतील पहिला नियंत्रित कापूस-बाजार १८८६ सालीं आमच्याच कारंज्यास स्थापन झाला, आणि १८९७ सालीं वऱ्हाडांतील कापूस व धान्य यांच्या बाजारांसाठीं स्वतंत्र कायदाच झाला. वजनांतील लबाडी व मनमानी कपात यांस आळा घालणें हा त्याचा हेतु होता. आजही शेतकरी अकोल्याच्या बाजारांत कापूस घेऊन येतो, तेव्हां धाग्याची लांबी, ओल आणि कचरा हीं त्याच्यासमोर पाहिलीं जातात. भाव पटो वा न पटो, कांट्यावरील आंकडा तो स्वतः वाचतो व शंका आल्यास हरकत घेतो. परंतु त्याच कापसाच्या पैशांतून तो आपल्या मुलाला वा मुलीला अमरावतीस महाविद्यालयांत ठेवतो, तेव्हां त्या लेकराच्या श्रमाचें माप कोणत्या तराजूनें झालें, हें त्याला दिसत नाहीं. हातीं येतो तो केवळ आंकडा.

हा आंकडा क्षुल्लक असता तर आम्हीं लेखणी उचलली नसती. महाविद्यालयांत सहायक प्राध्यापक होऊं इच्छिणाऱ्या सर्वसाधारण वर्गांतील उमेदवारास पदव्युत्तर परीक्षेंत ५५ टक्के गुण लागतात. ५४ टक्केवाल्यास दार बंद, ५५ वाल्यास उघडें. या दोघांच्या विद्वत्तेंत खरोखर कांहीं अंतर आहे, कीं अंतर आहे तें त्यांच्या परीक्षकांच्या हातांत?

याचें उत्तर जुनें आहे. सर फिलिप हार्टॉग हे ढाक्का विद्यापीठाचे पहिले कुलगुरु. १९२९ सालीं हिंदुस्थानांतील शिक्षणाची पाहणी करणारी समिति त्यांच्याच नांवानें ओळखली जाते. स्वदेशीं परतल्यावर त्यांनीं परीक्षांचीच परीक्षा घेतली व १९३५ सालीं तिचा निकाल प्रसिद्ध केला. इतिहासाच्या १५ उत्तरपत्रिका १४ परीक्षकांकडून, एक-दीड वर्षाच्या अंतरानें, दोनदां तपासून घेण्यांत आल्या. उत्तरें तींच, परीक्षकही तेच. तरी २१० निवाड्यांपैकीं ९२ निवाडे दुसऱ्या खेपेस बदलले! परीक्षक अप्रामाणिक होते असें कोणी म्हटलें नाहीं. मनुष्याचें मन हा कांटा नव्हे, एवढेंच त्यांतून सिद्ध झालें. स्वतंत्र भारतांत नेमलेल्या राधाकृष्णन् आयोगानेंही १९४९ सालीं असाच अभिप्राय दिला कीं, विद्यापीठीय शिक्षणांत एकच सुधारणा सुचवावयाची झाली तर ती परीक्षांची असावी.

मग सुधारणा अडली कोठें? १८५७ सालीं मुंबई, कलकत्ता व मद्रास येथें जीं विद्यापीठें स्थापन झालीं, तीं लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर. शिकविणें महाविद्यालयांचें, परीक्षा घेणें विद्यापीठाचें, अशी वांटणी त्यांत होती. खुद्द लंडनानें १९०० सालीं ही वांटणी मोडून शिकविण्याचें काम अंगीकारलें. आमच्याकडे मात्र तिची छाया लांबतच गेली. वऱ्हाडांतील महाविद्यालयें १९२३ च्या नागपूर विद्यापीठाकडून १९८३ सालीं स्थापन झालेल्या अमरावती विद्यापीठाकडे आलीं. छत्र बदललें, परंतु वर्षाच्या शेवटीं तीन तासांत सर्व जन्माचा निकाल ही रीत दीर्घकाळ तीच राहिली.

अलीकडे तींत बदल झाले आहेत व त्यांचें आम्ही स्वागत करितों. विद्यापीठ अनुदान आयोगानें २०१४-१५ च्या सुमारास श्रेयांक व श्रेणी यांची पद्धत पुढें आणली. ‘ओ’ म्हणजे १०, ‘पी’ म्हणजे ४, अशी दहा गुणांकांची शिडी झाली. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानुसार महाराष्ट्रांतील संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून नवी रचना आली. पण शिडी बदलल्यानें माप सुधारतेंच असें नाहीं. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या कोष्टकाप्रमाणें ६.२५ गुणांक म्हणजे ५५ टक्के. सरळ दहानें गुणिलें तर तेच ६२.५ होतात. एकाच गुणांकाचे दोन भाव निघूं लागले तर बाजारांत त्यास काय म्हणतात, हें वाचकांस ठाऊक आहे.

दुसरा प्रश्न अंतर्गत गुणांचा. अकोल्यास १९६९ सालीं स्थापन झालेल्या कृषि विद्यापीठांत सत्रपद्धत मुरलेली आहे. मध्यसत्र परीक्षा व प्रात्यक्षिकें यांना तेथें मोठा वाटा आहे. हें तत्त्व योग्यच. जो शिक्षक विद्यार्थ्यास शेतांत व प्रयोगशाळेंत रोज पाहतो, त्याला त्याची पारख तिऱ्हाईतापेक्षां अधिक असते. परंतु ही पारख निर्भयपणें करण्यास शिक्षकाच्या पायाखालीं जमीन हवी. कला, वाणिज्य व विज्ञान महाविद्यालयांत आज किती तरी अध्यापक तासिका तत्त्वावर राबत आहेत. पुढील वर्षीं आपणांस बोलावतील कीं नाहीं हें ज्याला माहीत नाहीं, त्यानें संस्थेच्या इच्छेविरुद्ध कमी गुण द्यावे, अशी अपेक्षा कशी करावी? सर्वांस वीसपैकीं अठरा दिले कीं चांगला विद्यार्थी व आळशी विद्यार्थी एका ओळींत बसतात, आणि सर्वांत अधिक नुकसान त्या गरीब, परिश्रमी मुलाचें होतें, ज्याच्याजवळ गुणांखेरीज दुसरी शिफारस नाहीं.

याला औषध यंत्र, असें कित्येक सांगतात. मुंबई विद्यापीठानें २०१७ सालीं पडद्यावर उत्तरपत्रिका तपासण्याची पद्धत घाईनें आणली. कुलपतींनीं घालून दिलेली ३१ जुलैची मुदत हुकली आणि ऑक्टोबरांत कुलगुरूंस पद सोडावें लागलें. यंत्र चांगलें, परंतु तें न्यायाची जागा घेऊं शकत नाहीं.

न्यायालयांत निकाल लागतो तेव्हां त्याची कारणें लिहावीं लागतात व प्रत पक्षकारास मिळते. विद्यार्थ्यास हा हक्क फार उशिरां मिळाला. महाराष्ट्रांतील माध्यमिक व उच्च माध्यमिक मंडळाचा उत्तरपत्रिका न दाखविण्याचा नियम मुंबई उच्च न्यायालयानें रद्द केला होता. सर्वोच्च न्यायालयानें १९८४ सालीं तो पुन्हां वैध ठरविला. पुढें माहितीच्या अधिकाराचा कायदा झाला, आणि ९ ऑगस्ट २०११ रोजीं त्याच न्यायालयानें निर्णय दिला कीं, तपासलेली उत्तरपत्रिका ही माहिती असून ती पाहण्याचा परीक्षार्थ्यास अधिकार आहे. परीक्षकाचें नांव मात्र गुप्त ठेवावें. दार उघडलें खरें, पण पुष्कळदां अर्ज व शुल्क यांच्या उंबरठ्यावर गरीब विद्यार्थी थांबतो.

म्हणून आमच्या मागण्या मोजक्या आहेत. परीक्षेनंतर आठवड्याच्या आंत प्रत्येक प्रश्नाची गुणविभागणी व अपेक्षित उत्तराचे मुद्दे प्रसिद्ध करावे. निकालाबरोबरच तपासलेली उत्तरपत्रिका, परीक्षकाचें नांव झांकून, प्रत्येकास विनाशुल्क दाखवावी. अंतर्गत गुण सत्रान्त परीक्षेपूर्वीं फलकावर लावावे, आणि त्यांवरील हरकत ज्यानें गुण दिले त्याच्यापुढें नव्हे, तर दुसऱ्या महाविद्यालयांतील शिक्षकापुढें चालावी; स्वतःच्या खटल्यांत स्वतः न्यायाधीश होऊं नये, हें तत्त्व येथेंही लागू आहे. गुणांकाचे टक्के कसे केले, हें गुणपत्रिकेवर छापावें. कांहीं उत्तरपत्रिका दोघां परीक्षकांनीं एकमेकांचे गुण न पाहतां तपासाव्या व फरक फार पडल्यास तिसऱ्याकडे द्याव्या.

यानें खर्च वाढेल, तंटे वाढतील, असा आक्षेप येईल. खर्च वाढेल हें आम्ही नाकारीत नाहीं. कायम शिक्षक नेमल्यावांचून व तपासणीस पुरेसा वेळ दिल्यावांचून यांतील एकही गोष्ट नीट होणार नाहीं, आणि तो भार सरकारनें उचलला पाहिजे. तंटे मात्र पहिलीं दोन वर्षें वाढतील व नंतर ओसरतील. कारण आपली वही उद्यां विद्यार्थी पाहणार हें जाणणारा परीक्षक ती आजच अधिक काळजीनें तपासतो. उघडा कांटा ठेवल्यानें कोणाही प्रामाणिक व्यापाऱ्याचें दुकान बसल्याचें आम्हीं ऐकलेलें नाहीं.

अमरावतीचें विद्यापीठ आज संत गाडगेबाबांचें नांव धारण करितें. बाबा गांवांत येत ते हातीं झाडू घेऊन, भर दिवसा, सर्वांच्या देखत गांव झाडीत, आणि मगच कीर्तनास उभे राहत. त्यांच्या नांवाच्या विद्यापीठानें आपल्या परीक्षा-विभागाचीं दारें अशींच सर्वांच्या देखत झाडून घ्यावीं. एकशें चाळीस वर्षांपूर्वीं वऱ्हाडानें कापसाचें माप उघड्यावर आणलें. आमच्या मुलांच्या श्रमाचें मोल कापसाहून कमी नाहीं.